लिमिट

काल रात्री अकरावीतल्या पोरीनं विचारलं,
"आई, लिमिट म्हणजे नक्की काय गं?
सर म्हणतात, जवळ जवळ जात राहायचं,
पोचलंच पाहिजे असं नाही."
मी मेथी निवडत म्हटलं, हद्द.
भूमी अभिलेखात एकवीस वर्षं झाली,
मला दुसरा अर्थ येत नाही.

मग तिनंच जाड डिक्शनरी काढली,
बोट धरून मागं मागं गेली,
फ्रेंचच्या दारातून लॅटिनच्या परसात,
आणि तिथं, सगळ्यांत तळाशी,
होती एक वाट.
दोन शेतांच्या मधली, न नांगरलेली,
माणूस चालेल एवढी.
लिमेस.
"म्हणजे बांधच की!" पोरगी हसली,
"एवढ्यासाठी रोमला गेलो होय?"

आज मोहाडीच्या शिवारात
रोव्हर खांद्यावर, नकाशा बगलेत.
गटकळांचे दोन चुलतभाऊ,
दोघांच्या द्राक्षबागा, दोघांच्या तारा,
मधे बांध असा
की शेळीनंही पाय जुळवून उभं राहावं.
सुकदेव म्हणे, यानं कोरला.
कचरू म्हणे, यानं.
"मॅडम, माणसाला काही लिमिट असते राव!"
असते, म्हटलं मनात,
साडेतीन फूट असते.
जुन्या टिपणात आहे.

मशीननं आभाळाला विचारलं,
चुना पडला,
दोनच्या उन्हात हिशेब लागला.
याचं क्षेत्र भरलं. त्याचंही भरलं,
उलट हातभर जास्तच.
कमी पडली ती वाट.
दरसाल एक तास इकडून,
एक तास तिकडून,
खाल्ली दोघांनी, आणि भांडले
एकमेकांच्या भुकेवर.

नाशिकचं नाव म्हणे
कापलेल्या नाकावरून पडलं,
पंचवटीत अजून रेघेची गोष्ट सांगतात.
हद्द आम्हाला नवी नाही.
पण त्या गोष्टीतही रेघच आहे,
चालायला जागा कुणी ठेवलेली नाही.
पंचनाम्यात वाटेचा रकाना नसतो.
लिहिलं : हद्द कायम केली.
सह्या घेतल्या.

पेटी आवरताना दिसली
एक सून, सुकदेवची की कचरूची,
हातात किटली, बोटांत कप अडकवलेले,
पावलापुढं पाऊल ठेवत
त्या वीतभर मातीवरून येत होती,
कुठल्याच तारेला हात न लावता.

चहा कुणाच्या घरचा,
विचारलं नाही.