तीन टनांची जागा

बंदराच्या कचेरीत, हीटरला गुडघे चिकटवून,
स्टेइनवोर नऊ वर्षांची मासळी रचतेय
एकावर एक, पेटीत बर्फावर रचतात तशी:
तळाशी कॉड, निळा, आडदांड,
त्यावर हॅडॉक, मग वुल्फफिशचा करडा थर,
मग कोळंबी,
आणि अगदी वर, नखाच्या कडेएवढी,
ग्राउस्लेप्पा.

खांब मुकाट उभे राहिले. आकडे ऐकेनात.
कॉडचा आकडा मांडी घालून ऐसपैस बसला.
हॅडॉकचा जरा अंग चोरून.
पण शेवटच्या खांबावर, त्या वरच्या रेघेत, तीन मावेना.
पाय वुल्फफिशच्या डोक्यावर, डोकं खांबाबाहेर,
गर्द जांभळ्यावर काळा,
असून नसल्यासारखा.

ती उजवं बटण दाबते. लेबलची जागा:
मध्यात. आतल्या टोकाशी. आतल्या पायथ्याशी.
'बाहेर' हा पर्यायच नाही.
एकटा उभा असेल त्या खांबाला मिळतो तो,
रचलेल्यांना नाही.
अगदी वरच्यालाही नाही,
ज्याच्या डोक्यावर आता कोणीच उरलेलं नाही.

'पुसून टाक ना,' ब्योर्गविन म्हणतो, मान वर न करता.
'शंभरात एकही भरत नाही. कोण वाचतंय?'

शून्यांचं तिनं तसंच केलं होतं.
कोळंबीचा ट्रॉलर विकला गेला, त्यानंतरच्या चार खांबांत
थरांच्या सांध्यावर एकेक शून्य,
दातात रुतलेल्या काट्यासारखं.
फॉरमॅटमध्ये एक अर्धविराम जास्त दिला,
गेली.
शून्याचं काय वाईट वाटायचं.

तीन म्हणजे एयविन्दुर.
तीन म्हणजे लोवा, त्याची बुटकी नाव,
आणि एप्रिलच्या पहाटे जाळ्यातून निघणारा तो बेढब मासा,
खडकाला चिकटून राहणारा,
सोडवताना हाताला ओढ देणारा.
पहिल्या खांबात अकरा नावांची ग्राउस्लेप्पा आहे.
तिथे आकडा पांढरा, मधोमध, पाय पसरून.
त्या वर्षी अंडी गाळून बरण्या भरायला
स्टेइनवोरची आईसुद्धा जायची,
आणि घरी आली की दाराच्या मुठीला खारट वास.

बेरजा मात्र तिनं छान टांगल्यात.
'एकूण'ची वेगळी मालिका घेतली, तिची रेघ केली,
आकडे रेघेच्या वर,
आणि मग रेघेचा रंगच काढून टाकला.
आता न दिसणाऱ्या दोरीवर नऊ बेरजा
माशांसारख्या वाळत पडल्यात.
कोणी विचारणार नाही दोरी कुठंय.

फक्त शेवटच्या खांबावर
बेरीज आणि तीन एकमेकांच्या अंगावर येतात.
मग ती तीनला चिमटीत धरून ओढते
उजवीकडे, रिकाम्या पांढऱ्यात.
मागोमाग एक बारीक रेघ आपोआप येते,
खांबापासून आकड्यापर्यंत,
धक्क्याला नाव बांधावी तशी.

'आता ते वाकडं दिसतंय,' ब्योर्गविन.

आणि त्याच दुपारी परवान्याचा कागद घेऊन
एयविन्दुर दारात, बुटांचा बर्फ आपटत.
पडद्याकडे बघतो. 'हे काय?'
'तुम्ही.'
तो चष्मा शोधतो, चारही खिशांत.
वाकतो. बराच वेळ.
'तीन कुठले? दोन पूर्णांक आठ.'

तिनं उघडून पाहिलं. दोन पूर्णांक आठच.
नऊ वर्षं सगळ्यांनाच सारखं गोल केलेलं.
कॉडला कळलंही नसेल.
त्या एकट्या लेबलला तिनं दशांश दिला,
तर ते रुंद झालं आणि चौकटीच्या कडेला टेकलं.
मग तिनं आलेखच थोडा आत सरकवला,
नऊ वर्षं, सगळी मासळी, न दिसणारी दोरी, सगळं,
बोटभर डावीकडे.

'बाहेर ठेवलंय, चालेल ना?' तिनं विचारलं.

एयविन्दुरनं टोपी कानांवर ओढली.
'बाहेरच बरं,' म्हणाला. 'वारा लागतो.'
आणि परवान्याचा कागद टेबलावरच विसरून गेला.