उतार

पिन्हास, तू गेलास त्या वर्षी खजुराला कीड लागली होती.
हे आधी सांगते, कारण लोक विचारतात
तो माणूस दिसायचा कसा, बोलायचा काय,
आणि मला आठवतो तो टोपलीच्या तळाशी
साचलेला पिवळट भुसा.

तो म्हणाला होता, यार्देन दुभंगेल.
पूर्वजांसाठी दुभंगली तशी.
कोरड्या पायांनी पलीकडे जाऊ,
परत येऊ तेव्हा रोम नसेल.
तू घरातली चांगली पखाल घेतलीस,
गळकी माझ्यासाठी ठेवलीस.
हिल्कीयाने तर दोन्ही गाढवं विकली;
राज्य आल्यावर गाढवं कशाला?

अरे, खालच्या वळणावर उतार होता.
शेळ्यांमागे आपण तिथूनच जायचो,
उन्हाळ्यात पाणी गुडघ्याला लागायचं नाही.
तुला ठाऊक होतं. तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक होतं.
पण उतार नको होता तुम्हाला,
नदीनं वाट द्यायला हवी होती.

घोडेस्वार मात्र उतारानं आले.

तू मिळाला नाहीस. पखाल मिळाली,
पोटात भोसकलेली. मी टाके घातले.
थोडी पाझरते, पण चालते.

मग आणखी आले.
एक मिठाच्या आगरातून उठला,
एकानं फुंकरीनं तट पाडायचं कबूल केलं,
एक नुसताच रडायचा, आणि त्याच्यामागे सर्वांत जास्त माणसं गेली.
दर खेपेला कुणाच्या तरी घरातली
चांगली पखाल गेली.
मी दारातूनच मोजायची, आणि खजूर निवडायची.

आता आपली सून, शाफिरा.
शब्बाथ उतरला की कातडं कमावणाऱ्याच्या माडीवर जाते.
दिव्याचं तेल माझ्या घरचं, म्हणून विचारलं.
म्हणाली, तो येऊन गेला.
मग वाट कुणाची पाहता?
त्याचीच.
मेला ना पण तो? खांबावर?
हो, म्हणाली, जशी पीठ मळत होती तशीच मळत.

मी हसले. फार दिवसांनी, पोट धरून.
आणि मधेच थांबले,
कारण बावीस वर्षं, पिन्हास,
रात्री मी दाराला आतून कडी लावत नाही.
हे तिला माहीत आहे.
बोलली नाही, एवढंच.

परवा म्हणाली, युद्ध येतंय,
माडीवरची माणसं नदीपलीकडे निघालीत.
मत्तत्या तिच्याबरोबर जाणार की राहणार,
दोन दिवस नुसता सुतळी वळत बसलाय.
तुझाच मुलगा.

पहाटे मी तिला खालच्या वळणावर नेलं.
झाऊची झुडपं वाढलीत, दगड तेच.
पखाल तिच्या खांद्यावर दिली,
टाके कुठे आहेत ते बोटांनी दाखवलं,
म्हटलं, ओली ठेवलीस तर कमी गळते.
ती म्हणाली, आई, तुम्हीही चला.
मी म्हटलं, खजूर उतरवायचेत.
म्हटलं, पाय ओले होतील हं.

होऊ देत, म्हणाली.