यादीत नसलेलं वळण

त्बिलिसीहून उत्तरेला निघालो तेव्हा
माझ्या मांडीवर यादी होती, आठ ठिकाणांची,
प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन.
मालखाझच्या एका हातात स्टिअरिंग,
दुसऱ्यात अर्धवट सोललेलं संत्रं.
दोघांत मिळून आमच्याकडे
चाळीसेक इंग्रजी शब्द. बाकी भागवायचं हातवाऱ्यांवर.

पहिला थांबा अनानुरी.
किल्ल्यातल्या देवळाच्या भिंतीवर दगडी द्राक्षवेल,
तीनशे वर्षं झाली, घोस अजून कच्चेच.
खाली धरणाचं पाणी
शाळेतली दौत सांडल्यासारखं निळं.
बसमधून उतरलेले सगळे
त्या पाण्याकडे पाठ करून उभे राहिले,
हात लांब करून, फोनकडे बघत, हसत.
मालखाझही पाठ करूनच उभा होता.
तो हसत नव्हता.

"फोटो?" मी विचारलं.
त्यानं संत्र्याची साल खिशात घातली,
वळला, आणि बोटानं
पाण्यावर एक चौकोन आखला.
"शाळा."
जरा डावीकडे सरकून, "आजीची विहीर."
(विहीर. इतक्या पाण्याखाली.)
मग हात तसाच हवेत धरून
तिसऱ्या कशासाठी तरी शब्द शोधत राहिला.
सापडला नाही.
"चला," म्हणाला, "पुढे फार सुंदर."

गाडीत बसून मी अनानुरीपुढे खूण केली.
पेन नीट चालत होतं.

पुढे खरंच फार सुंदर होतं.
दरीच्या काठावर रंगीत फरशांची ती अर्धगोल भिंत,
तिच्यावर घोडेस्वार, सूर्य, एक प्रचंड आई,
आणि एवढं वारं
की मध विकणारीनं बरण्यांपेक्षा
स्वतःलाच दोरीनं बांधायला हवं होतं.
खिंडीपलीकडे लोखंडी चवीचा झरा,
त्यानं अख्खी डोंगरउतरंड
भगव्या सायीसारखी करून ठेवलेली.
खूण. खूण.

संध्याकाळी ज्या गावी पोचलो
त्याचं नाव मला तिसऱ्या खेपेला जमलं.
समोर काझबेग असायला हवा होता.
होता फक्त ढग,
आणि ढगाच्या उंबऱ्यावर टेकवलेलं
काडेपेटीएवढं गेर्गेतीचं देऊळ.
"डोंगराच्या पोटात साखळदंडानं बांधलेला वीर आहे,"
घरमालकीण नानुली सूप वाढताना म्हणाली,
"त्याला फोटो आवडत नसतील."

मी मालखाझला आपली म्हण सांगायला गेले,
दुरून डोंगर साजरे.
चाळीस शब्दांत तिचं झालं,
"लांबून डोंगर नटलेले."
तो गंभीरपणे म्हणाला, "कोण नटवतं?"

पहाटे साडेपाचला जाग आली ती थंडीनं.
अंगणात गेले, अनवाणी,
आणि तो होता.
सगळाच्या सगळा. मोजून चार मिनिटं.
टोकाला गुलाबी, खाली शिळ्या दुधासारखा निळसर.
फोन आत उशीखाली.
नानुली बादली घेऊन माझ्या शेजारून गेली,
मान वर न करता.
"बघा ना!" मी मराठीतच ओरडले.
तिला कळलं असावं. तिनं गोठ्याकडे बोट दाखवलं.
डोंगर थांबतो. गाय थांबत नाही.

परतीला पाऊस लागला.
यादीत सात खुणा झाल्या होत्या, आठवी जागा दुरुस्तीसाठी बंद.
अनानुरीच्या अलीकडे, धरणाला लागून
रस्ता सरळसोट, रिकामा.
मालखाझनं हॉर्न वाजवला.
तीनदा, मध्ये थोडं थांबून, लांब,
जशी शाळा भरताना घंटा देतात.
"काय झालं?"
"वळण," तो म्हणाला.

मी काचेवरचं धुकं पुसलं.
वळण नव्हतं.
मग मी कडेनं, पाणी संपेपर्यंत,
नीट वाकून बसले,
वळणावर बसतात तशी.