दीड वेढा

सकाळी सव्वाआठ. टोकोरोआवर धुकं,
धुक्यात कागदगिरणीचा
उकडलेल्या कोबीसारखा वास.
पहिलीच गाडी मारेकोची, पांढरी डेलिका.
जन्माने उंच,
आता ओशाळल्यासारखी खाली बसलेली.

मी विचारलं नाही. माझं काम मोजायचं.
शंभर मिलिमीटरचा लाकडी ठोकळा
तिच्या पोटाखालून सरकवला.
सरकला.
मारेकोने श्वास सोडला.
म्हटलं, थांब, अजून बाकी आहे.

जॅकवर घेतली. मागची चाकं लटकली
आणि डावी स्प्रिंग माझ्या मुठीत गर्रकन फिरली,
पडायला आलेला दुधाचा दात
जिभेने फिरावा तशी.
वरच्या टोकाला ग्राइंडरचा निळसर डाग.
"किती कापलीस?"
"दीड वेढा."
"आणि पुढे?"
"बार सैल केले. थोडेच."

नियम त्याला वाचून दाखवला.
दरवेळी वाचताना मला तो थोडा आवडतो.
रस्ता खाली असला की कुणीही जागेवर बसतं.
पण खड्ड्यावरून चाक उडालं,
क्षणभर अधांतरी राहिलं,
तरी स्प्रिंगने
आपली पायरी सोडता कामा नये.

त्याने मान हलवली. वाद घातला नाही.
वाद घालणारे मला ओळखू येतात:
काळ्या काचा, डिकीत पेटीएवढा स्पीकर,
एक्झॉस्टला डब्याएवढं तोंड.
याच्या गाडीत तसलं काही नव्हतं.
मागच्या सीटवर, स्वच्छ टॉवेलवर,
बारीक विणीची पांढरी हॅट.

"आईचे गुडघे," तो म्हणाला.

मग एकदम सगळंच म्हणाला.
तेपाएरू तिचं नाव. साठ वर्षांपूर्वी बेटावरून आली,
गिरणीच्या कँटीनमध्ये उभी राहिली ती राहिलीच.
रविवारी चर्चला निघताना
दोन मुली मागून ढकलायच्या, हा वरून ओढायचा.
एकदा चौकटीला अडकून हॅट खाली पडली,
ओल्या खडीत.
नातवंडं हसली. तीही हसली, सगळ्यांत जास्त.
पुढच्या रविवारी म्हणाली,
तुम्ही या जाऊन.
मी घरीच म्हणते प्रार्थना.

"त्या रात्री ग्राइंडर काढला."

फॉर्मवर कारणाला रकाना नाही.
शेऱ्याला आहे, दोन बोटांचा.
लिहिलं: मागच्या स्प्रिंगा कापलेल्या, सैल.
लिहिलं: नापास.
सरळ वाटही सांगितली. हॅमिल्टनला एक माणूस आहे,
त्याच्याकडून योग्य स्प्रिंगा, तपासणी,
दाखल्याची पट्टी रिव्हेटने ठोकून मिळते,
मग गाडी खाली आणलेली चालते.
खर्चाचा आकडा सांगितला.
तो छताकडे बघत रात्रपाळ्या मोजू लागला
आणि मध्येच मोजणं सोडून हसला.

बारा दिवसांनी आला.
पुटारुरूच्या भंगारातून अख्ख्या स्प्रिंगा आणलेल्या,
गंजक्या, पण अख्ख्या.
गाडी पुन्हा आपल्या उंचीवर,
पेन्शनीत निघालेल्या शिपायासारखी ताठ.
जॅकवर घेतली, चाकं लटकवली,
दोन्ही हातांनी स्प्रिंग पिळून पाहिली.
ढिम्म.
मागे, दाराशी, दुधाचा निळा क्रेट उपडा,
त्यावर फुलाफुलांचं गालिचाचं तुकडं ठोकलेलं,
कडेला डेअरीची तंबी: नेल्यास कारवाई होईल.

उंचीवर आमच्याकडे अकरा पानं आहेत.
पायरीवर
शोधूनही एक ओळ मिळाली नाही.
खरं तर फार शोधलीही नाही.

जाताना त्याने टेबलावर काहीतरी ठेवलं,
फडक्यात गुंडाळलेलं, जड.
कापलेला दीड वेढा.
"आता याचं मी काय करू?" मी म्हटलं.
"मी तरी काय करू?"

चहाचा मग ठेवतो त्यावर.
एका बाजूला कलायचा.
जुन्या नापास-पावतीची चौघडी करून
खाली सरकवली.
मोजलेलं नाही,
पण आता सांडत नाही.