दहा पन्नास

शुक्रवारी प्रेसचा भोंगा झाला की आई
काचेच्या पेल्यात पाणी ओतायची, पाण्यावर खोबरेल,
तेलावर वात.
त्यानंतर जेल रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांत
कुणी बटण दाबायचं नाही.
पंखा चालू राहिला तर चालू, बंद तर बंद.

बाबांनी त्या प्रेसमध्ये उभा जन्म
दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या
आणि शनिवार सुटावा म्हणून
दिवाळीच्या पाळ्या मागून घेतल्या.
"झिराडकर, तुमचा देव फार हिशेबी दिसतो," साहेब म्हणायचे.
"देव नाही साहेब, मी."

त्या शुक्रवारी मनुकांच्या सरबताचा पेला
ओठांपर्यंत गेला आणि कलंडला.
आई उठली.
चाळीस वर्षं दिवा लागल्यावर जी काडीपेटीला शिवली नव्हती
तिने खटकन ट्यूब लावली, फोन उचलला, एकशेआठ.
मी पुढे झाले तर म्हणाली, "थांब. अशा वेळी
थोरल्यानेच मोडायचा असतो शब्बाथ."
दारात गायधनी वहिनी: "अहो, मी करते की,
मला कुठे बंधन आहे?"
"नको वहिनी. पोरांना वाटेल
ही परवानगी उसनी आणलीय."

मग एक कोवळा डॉक्टर गुडघ्यांवर बसून
बाबांची छाती दाबत होता,
आणि आई मुंबई नाक्याच्या हॉस्पिटलशी बोलत होती,
नाव, वय, हो, शुगर आहे, हो, बेड ठेवा, निघतोच.
डॉक्टरने हात थांबवले.
घड्याळ पाहिलं.

आईने फोन टेबलावर ठेवला.
कापला नाही. कापणं हेही काम,
आणि आता कामाला कारण उरलं नव्हतं.
"हॅलो? बेड ठेवायचा ना? हॅलो?"
सरबताच्या डागाशेजारी ती मुलगी
विचारत राहिली, विचारत राहिली,
मग कंटाळली.

ट्यूब जळतच राहिली.
लावायचा हक्क होता, विझवायचा नव्हता.
एवढ्या लख्ख उजेडात
आम्ही बाबांकडे कधी पाहिलं नव्हतं.

"नाहूमला कळवते."
"उद्या. तीन चांदण्या दिसू देत."
"आई, बाबा गेलेत!"
"म्हणूनच."

मी काही पाळत नाही. शनिवारी मी
कॉलेज रोडला पिक्चर पाहिलेत, भजी खाल्लीत.
रात्री दोनला गच्चीवर गेले.
वालदेवीकडे अंधार, खाली मालगाडीचे डबे
संपता संपत नव्हते.
ठाण्याला फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला त्याने,
शुक्रवारी रात्री जो दाराची बेलसुद्धा दाबत नाही.
"कुठल्या हॉस्पिटलात? रक्त लागेल का?
निघतो मी, गाडी काढतो, कसाऱ्याला पोचेन तासा-दीड तासात,
डॉक्टरांना सांग—"
मागे किल्ल्यांचा आवाज.
वहिनीला हाक. बूट.

तेव्हा कळलं आईने काय सांगितलं नव्हतं.
आमच्यात शुक्रवारी रात्री फोन वाजला
म्हणजे कुणीतरी अजून आहे.

आणि मी माझ्या भावाला
दोन वाजता बाबा परत दिले होते
निम्म्या मिनिटापुरते.

"नाही रे," म्हटलं. "नाही."

किल्ल्या खाली ठेवल्याचं ऐकू आलं.
फोनही ठेवला असावा त्याने, न कापता,
कारण त्यांच्या घड्याळाची टिकटिक येत राहिली.
मीही कापला नाही.
मालगाडी गेली. बॅटरी गेली.

शनिवारी सांजावताना आई गॅलरीत उभी.
एक चांदणी प्रेसच्या भिंतीवर,
एक वायरींच्या जंजाळात,
तिसरीला ढग.
ती ढग सरेपर्यंत उभी राहिली.
मग आत येऊन म्हणाली, "नाहूमला लावून दे."

लावून दिला.
आईने सांगितलं, शब्द मोजून,
वेळेसकट: दहा पन्नास.
आणि तो पलीकडे
पहिल्यांदाच ऐकतोय असा
गप्प राहिला.