एक मिनिट गप्प

प्रत्येक घरातलं शूटिंग संपलं की
मी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवायचो.
पंखा बंद. फोन बंद. कोंबड्या बाहेर.
त्या घराची शांतता वेगळी भरून ठेवायची,
पुढे कापलेल्या दोन वाक्यांच्या मध्ये घालायला.
आमच्या धंद्यात तिला रूम टोन म्हणतात.
नामीबाय म्हणाली, गप बसाचे पैशे देतान तुला?
देतात, म्हटलं. दिवसाचे साडेतीन हजार, जेवण धरून.

नामीबाय घरत, धवलारीण.
तिच्या गळ्यावाचून आसपासच्या दहा गावांत
कुणाला हळद लागली नाही.
ऋजुताला हवा होता विझत चाललेला आवाज,
खाडीवरची संध्याकाळ, मागे अर्धा कापलेला डोंगर.
डोंगर मिळाला.
रोज दुपारी भोंगा, मग सुरुंग,
मग फळीवरची भांडी थोडा वेळ बोलायची.
धवला मध्येच तुटायचा,
आणि ती जिथे तुटला तिथूनच उचलायची, पट्टी न सोडता.
मी ते धमाके पुसले.
निर्माता म्हणाला होता, फार वाजतंय.

बावन्न मिनिटांचा माहितीपट.
लांबच्या देशांत तीनदा दाखवला, एका गावी लोक उभे राहिले.
नंतरच्या चर्चेत कुणी अस्मिता म्हणालं, कुणी प्रतिकार.
मागच्या रांगेतून एकाने विचारलं,
ती आता कुठे राहते?
ऋजुता पाणी प्यायली.

ती राहते उलव्याला, भाड्याच्या खोलीत, चौथ्या मजल्यावर.
तिथेच खाली पार्किंगमध्ये
लग्नाच्या मांडवाचं पांढरं कापड ताणून
आम्ही फिल्म लावली.

बावन्न मिनिटं तीन तास चालली.
नामीबायकडे कुणी बघतच नव्हतं.
थांबव रं, थांबव, तिचे खांद्यामागं बग, आपली चिच.
थांबव. ती सायकल कोनाची?
परत घे. अजून मागं.
स्पेसबारवर बोट ठेवून मी बसलो होतो.
ज्या धुरकट भागासाठी कॅमेऱ्याची महागडी भिंगं भाड्याने आणली होती
त्यातलं एकेक जण ओळखून काढत होतं.

मग हसुराम मुंडकर उठला, कापडाजवळ गेला.
त्याची सावली नामीबायच्या तोंडावर पडली.
डावीकडे, मागे, निळा दरवाजा, पत्र्याची पडवी.
माजी पडवी, तो म्हणाला.
सर्व्हेत नाय बोलतान. पैशासाठी मागनं बांधली बोलतान.
याचेवर तारीख हाय?
होती. पडद्यावर नाही, फाइलच्या पोटात.
वर्ष, महिना, दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं.

त्याने मोबाइलमध्ये फोटो घेतला. मग रांगच लागली.
कुणाला संडास हवा होता, कुणाला विहिरीचा कठडा,
एकीला उंबरा, आणि उंबऱ्यात बसलेली तिची आई,
जी आता नाही.
ऋजुता म्हणाली, ही आता फिल्म राहिलेली नाही.
वाईट वाटून म्हणाली की कसं, मला कळलं नाही.
मी एक वाजेपर्यंत फ्रेमा काढून देत होतो,
हसुराम वहीत नावं लिहीत होता,
मंगळवारी पनवेलला अर्जासोबत जोडायचं म्हणून.

कापड उतरवताना नामीबाय खुर्चीतूनच म्हणाली,
मना फोटू नको.
तू गप बसवलंस ना, ता दे.
कुठलं?
माजे घरानचा. सगली गप होती, ता.

शोधायला वेळ लागला.
हेडफोन तिला मोठे होत होते, पदरावरून बसवले.
एक मिनिट चार सेकंद.
बोट वर करून ती ऐकत राहिली,
मग बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली,
रांजन गलतंय बग. कवरा सांगलं तुमाला, बदला.

मी ते शंभरदा तरी ऐकलं होतं.
मला ते घड्याळ वाटायचं.

परत लाव, ती म्हणाली.
पलीकडे कुणीतरी मोटारसायकलला किक मारली.
तिने त्याच्याकडे न बघता हात वर केला.
गप.