चाकावरची माती

मशीन आज आखूड टाकतंय.
दोन चेंडू जाळ्यापाशीच मरतात,
तिसरा एकदम खांद्यावर येतो.
क्लबातल्या बायका त्याला रॉली म्हणतात,
ग्लेंडाला सोडून गेलेल्या नवऱ्यावरून.
तोही म्हणे ऐकायचा नाही, नुसता टाकत राहायचा.

ओटिस पिंक्नी रोलर थांबवून येतो.
"बॅटरी नाही," म्हणतो, "चाकं बघ."
झाकण उघडलं तर
समोरासमोरच्या दोन्ही चाकांवर हिरवट साय,
काचेसारखी गुळगुळीत.
चेंडू माती आणतो, चाक ती चाटतं,
मग त्याला चेंडूच धरवत नाही.

इथली माती हिरवी. दगड दळून केलेली.
ब्यूफर्टला आले तेव्हा मला ती माती वाटलीच नाही,
पाट्याला टाकी लावताना उडते
तसली कच वाटली.
माती म्हणजे मिरजेच्या तालमीतली.
अण्णा तिची देखभाल करायचे: ताक, तेल, हळद, लिंबं,
फावड्यानं खालची वर, वरची खाली.
ताकाची घागर मी पोचवायची, उंबऱ्यापर्यंत.
हौद्यात मुलींनी उतरायचं नसतं.
का, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मी घागर रिकामी होईतो दारातच उभी.

ओटिस फडकं देतो. ओलं, पण घट्ट पिळलेलं.
चाक हातानं फिरवत पुसायचं,
मग पॉलिशपेपरचा अगदी हलका हात.
मशीनखाली प्लायवूडची फळी हवी,
नाहीतर कोर्टावर गाडीवाट पडते.
ओले चेंडू टोपलीत नकोत.
केस गेलेले त्याच्या कुत्रीला.
आणि चार्जर रोज, दहा मिनिटं खेळलीस तरी.
हे सगळं तो एकदाच सांगतो.

चौथ्यांदा पिळते फडकं. बादलीत शेवाळी पाणी.
नखांतली माती रात्री वरणभात कालवतानाही दिसेल.

पूर्वी समोर मेरिल असायची.
आता तिच्या गुडघ्यात स्टीलचा सांधा
आणि ती मुलाकडे, ओहायोत.
माझा चेंडू रेषेवर पडला तरी आऊट द्यायची,
मग आम्ही रेषेवर ओणव्या होऊन खूण शोधायचो,
दोघींच्या दोन वेगळ्या खुणा.
आता भांडायला कुणी नाही.
माझा लांब गेला की मीच ओरडते, "बाहेर!"
शेजारच्या कोर्टावरची पोरं बघतात.

झाकण बसवलं. बटण दाबलं.
पहिल्या चेंडूला सहा सेकंद लागतात, मला पाठ आहे,
तरी मी अजून बेसलाइनकडे चालतेच आहे तोवर
फाट्दिशी कानाजवळून गेला,
मागच्या जाळीत रुतून बसला.
"आता धरतंय," ओटिस म्हणाला,
आणि रोलरवर जाऊन बसला.

पुढचा बॅकहँडला. घसरत गेले त्याच्यापर्यंत,
डाव्या बुटानं हातभर माती ओढली.
पोचले.
कुठे गेला ते विचारू नका.

नंतर झाडणं. बाहेरून आत, गोल गोल.
हौदा सारखा करून झाला की अण्णा
उलट्या पावलांनी बाहेर यायचे, पाऊल राहू नये म्हणून.
इथं जाळं माझ्यामागून ओढत येतं,
पावलं पुसत पुसत,
मला सरळ चालता येतं.

चार्जर लावला. लाल दिवा.
चेंडू मोजले: त्र्याहत्तर.
दोन कमी.
एक रोलरखाली सापडला, चपटा.
दुसरा कुंपणापलीकडे खाडीत गेला असणार,
ओहोटीला दिसेल.